प्रोबेटची सक्ती आणि लेकीची नोटीस

तिवसा तालुक्यांतील कौंडण्यपूर हें रुक्मिणीचें माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्या वर्धाकांठच्या एखाद्या घरचा कर्ता पुरुष पत्नीच्या नांवें मृत्युपत्र करून वारला, म्हणजे त्या बाईस कचेरींत किंवा बँकेंत पुष्कळदां पहिला प्रश्न येतो तो हा, ‘प्रोबेट आणलें काय?’ विचारणारास वाटतें, आपण कायदा सांगत आहों. हिंदु, बौद्ध, जैन व शीख ह्यांच्या मृत्युपत्रांपुरतें पाहिलें तर वऱ्हाडांत ही सक्ती कधींच नव्हती.

१८७० च्या हिंदु विल्स ॲक्टानें ती लादली बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराच्या मुलखावर आणि मद्रास व मुंबई ह्या शहरांवर. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ५७ व २१३ ह्या कलमांनीं तीच हद्द राखिली. वऱ्हाड त्या वेळीं निजामाकडून कायमच्या पट्ट्यानें घेतलेला प्रांत. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेशीं त्याचा संबंध काय? १९५६ सालीं हा प्रांत मुंबई राज्यांत आला, तरी ती हद्द सरकली नाहीं. अमरावतीच्या व्यापाऱ्याचा गाळा मुंबईंत असला, तर मात्र तेवढ्यापुरतें प्रोबेट लागे. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें कलम २१३ च गाळून टाकिलें, तेव्हां तोही प्रश्न मिटला.

ह्यावरून प्रोबेट निरुपयोगी असें कोणीं समजूं नये. भाऊबंद मृत्युपत्रच खोटें म्हणूं लागले, तर त्यासारखी ढाल नाहीं. कौंडण्यपूरकरांस त्यासाठीं अमरावतीच्या जिल्हा न्यायालयांत अर्ज करावा लागतो. मृत्यूची तारीख, मयताचें हें शेवटचें व रीतसर केलेलें मृत्युपत्र आहे असें कथन आणि मिळकतीचा अंदाज त्यांत द्यावा, मूळ दस्त जोडावा, आणि मिळूं शकेल तर साक्षीदारांपैकीं एकाचें सत्यापनही घ्यावें. मृत्यूनंतर सात दिवस लोटल्यावांचून प्रोबेट मिळत नाहीं. हरकत आली कीं अर्जाचा दावा होतो, आणि मग वर्षें मोजावीं. शिवाय हें न्यायालय मृत्युपत्र खरें कीं खोटें एवढेंच ठरवितें. शेत मयताचें होतें कीं नाहीं, हा वाद तेथें चालत नाहीं. व्यापाऱ्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, कलम २१४ अद्याप उभें आहे: मयताची उधारी कोर्टामार्फत वसूल करावयाची तर प्रोबेट, व्यवस्थापत्र किंवा वारसा दाखला ह्यांपैकीं एक हवेंच.

सक्ती गेली ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. पण तिच्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली, ती म्हणजे वारसांस मिळणारी नोटीस. २००५ च्या दुरुस्तीनें लेकीस वडिलार्जित मिळकतींत लेकाबरोबरीचा हक्क दिला. तेव्हांपासून तो हक्क बुडविण्याचें सोपें हत्यार म्हणून मृत्युपत्राकडे पाहणारे कमी नाहींत. बाप अंथरुणास खिळला, कीं ज्यास सारें मिळावयाचें तोच लिहिणारास बोलावतो व साक्षीदारही तोच गोळा करतो! अशा संशयाचें निरसन मृत्युपत्र पुढें करणारानेंच केलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं व्यंकटाचल अय्यंगार ह्यांच्या खटल्यांत बजाविलें आहे. परंतु अकोल्यास नांदणाऱ्या लेकीस मृत्युपत्राचा पत्ताच नसेल, तर संशय घेणार कोण?

म्हणून आमची मागणी तलाठी व मंडळ अधिकारी ह्यांजकडे आहे. विधवेकडे प्रोबेट मागूं नये. पण मृत्युपत्रावरून फेरफार करतांना लग्न झालेल्या लेकींसह प्रत्येक वारसास तिच्या खऱ्या पत्त्यावर नोटीस पोंचल्यावांचून नोंद मंजूर करूं नये. चावडीवर कागद चिकटविला म्हणजे तो अकोल्यास वाचला जात नाहीं. आणि ज्यांस मृत्युपत्र करावयाचें आहे त्यांनीं तें धडधाकट असतांनाच करावें. एकत्र मिळकतींतील स्वतःच्या हिश्शापलीकडे कांहीं देतां येत नाहीं. नोंदणी सक्तीची नाहीं, तरी करावी. दोन साक्षीदार मात्र आपल्याहून तरुण पाहावे. ऐंशी वर्षांच्या सोबत्यांच्या सह्या घेतल्या, तर पुढें कोर्टांत साक्षीस उभें कोण राहणार?