सापळ्यातील कीड आणि वहीतील आकडा

वाराणसीहून राजातालाबकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा भाजीपाल्याची शिवारे लागतात. येथील हिरवी मिरची विमानाने आखाती देशांत जाते. काही काळापूर्वी मी तेथील एका कारल्याच्या मळ्यात उभा होतो. सोबतच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्याने फळमाशीचा सापळा उघडला, माश्या मोजल्या, वहीत ४७ हा आकडा लिहिला आणि डबा बांधावर उपडा केला. या सगळ्या एकाच जातीच्या आहेत काय, असे मी विचारले. तो नम्रपणे म्हणाला, "साहब, रजिस्टर में तो एक ही खाना है।"

त्या कर्मचाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. रकाना आखणारे आपण आहोत. कारल्याच्या मळ्यातील गंधाला फळमाशीच्या एकाहून अधिक जातींचे नर भुलतात. त्यांतील एखादी या देशात नवखी असेल, तर ती आपल्या वहीत जुन्याच नावाखाली जमा होते आणि पुरावा बांधावर वाळून जातो. हा प्रकार एका मळ्यापुरता नाही. महाराष्ट्रात २००९ पासून 'क्रॉपसॅप' प्रकल्पातून कीड सर्वेक्षणाचे मोठे काम उभे राहिले आणि त्याचा उपयोगही झाला. पण त्याची रचनाही मुख्यतः माहीत असलेल्या किडी मोजण्याची आहे. परकी कीड ही व्याख्येनेच यादीबाहेरची असते. जी यादीत नाही, ती मोजणार कोण?

या प्रश्नाला विज्ञानाने उत्तर दिले आहे. २००३ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची कल्पना मांडली. सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचला की बहुतेक प्राण्यांची जात ओळखता येते. पुढे तंत्र इतके सुधारले, की सापळ्यातील शेकडो कीटकांचा डीएनए एकत्र वाचून त्यांत कोणकोणत्या जाती आहेत, हे सांगता येऊ लागले. तुटका पंख असो वा अळी, डोळ्यांना जे ओळखू येत नाही ते या वाचनातून कळते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कीटक न चुरडता त्यांचा डीएनए काढण्याची पद्धत दाखवली. त्यामुळे संशय आल्यास तोच कीटक तज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो.

आपल्याकडे शास्त्रज्ञ नाहीत, असेही नाही. राजातालाबच्या पुढे शहंशाहपूरला भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे, शहरात बनारस हिंदू विश्वविद्यालय आहे आणि बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे. तरीही आपण दरवेळी उशिराच का जागे होतो?

दोन उदाहरणे पाहू. टोमॅटोवरील दक्षिण अमेरिकन नागअळी, म्हणजे 'टुटा', २००६ मध्ये स्पेनमध्ये शिरली. भारतात ती २०१४ मध्ये पुण्याच्या परिसरात व कर्नाटकात सापडली. तिची वाटचाल जगजाहीर असताना मधली ८ वर्षे आपल्या हाती होती. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत नोंदली गेली. २०१८ च्या मे महिन्यात ती शिवमोग्याच्या मक्यावर दिसली. बेंगळुरूच्या ब्यूरोने जुलैअखेर इशारा दिला आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातील मक्यावर व उसावर पोहोचली. दोन्ही वेळा कीड पिकावर दिसल्यानंतरच आपण ओळखली. तोवर तिला रोखण्याची वेळ टळून गेली होती. उरली ती फवारणीची शिफारस.

माझ्या मते खरा अडथळा प्रशासकीय आहे. सापळा राज्याच्या कृषी खात्याचा, संगरोध केंद्राचा आणि ओळख पटवणारा शास्त्रज्ञ संशोधन परिषदेचा. सापळ्यातील नमुना मात्र कोणाचाच नाही. शास्त्रज्ञाला 'देशातील पहिली नोंद' या शोधनिबंधाचे मोल. अधिकाऱ्याला मात्र तीच पहिली नोंद आपल्या कार्यकाळात नको असते. १९१४ च्या विनाशकारी कीटक व कीड कायद्याचा भर आयात आणि वाहतूक रोखण्यावर आहे. २०१३ मध्ये लोकसभेत मांडलेले कृषी जैवसुरक्षा विधेयक ती लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

पहिला खर्चाचा. प्रत्येक गावातील प्रत्येक सापळा वाचा, असे कोणीच म्हणत नाही. बंदरे, विमानतळ, मोठ्या मंड्या आणि रोपवाटिका यांच्या भोवतालचे सापळे निवडून त्यांतील नमुने एकत्र वाचले, तरी पुष्कळ साधेल.

दुसरा अचूकतेचा, आणि तो रास्त आहे. संदर्भसंग्रहात आपल्याकडील अनेक जाती नाहीत. एका नमुन्याचा डीएनए दुसऱ्यात मिसळू शकतो. किती कीटक होते, हेही या वाचनातून नीट कळत नाही. म्हणून या अहवालाला निकाल मानू नये. त्याला पोलीस ठाण्यातील प्रथम खबरीसारखे मानावे. प्रथम खबरीने गुन्हा सिद्ध होत नाही, पण ती नोंदवण्यास नकार देता येत नाही आणि तपास सुरू करावा लागतो.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: परकी कीड जाहीर केली तर निर्यात बंद पडेल. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपला हापूस आणि चार भाज्या रोखल्या, हे कोकणातील बागायतदार विसरलेला नाही. पण त्या किडी कोणी शोधल्या? त्यांच्या तपासनिसांनी, त्यांच्या दारात. २०१३ या एका वर्षात फळे व भाज्यांचे २०७ माल त्यांना किडलेले आढळले होते. आपण डोळे मिटल्याने जग आंधळे होत नाही. आपली कीड आपणच आधी सांगितली, तर उपायही आपल्या अटींवर करता येतो.

करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. निवडक सापळ्यांतील कीटक मोजून झाल्यावर फेकू नयेत. ते अल्कोहोलमध्ये, ठिकाण व तारीख लिहून, संशोधन संस्थेकडे जावेत. परक्या किडीचा संशय येताच ती माहिती शोधनिबंधाची वाट न पाहता, ठरलेल्या दिवसांत, जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे आणि फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडे पोहोचावी. शास्त्रज्ञाचे श्रेय त्या दिवसापासूनच नोंदले जावे. आणि सद्हेतूने दिलेली खबर पुढे खोटी ठरली, तरी ती देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असा स्पष्ट शासननिर्णय असावा. या शेवटच्या हमीवाचून पहिल्या दोन गोष्टी कागदावरच राहतील, हे सेवेतील प्रत्येकजण जाणतो.

यंत्रे विकत घेणे सोपे असते. त्यासाठी निविदा काढली की झाले. वाईट बातमी वेळेत वर पाठवणाऱ्याला संरक्षण देणे अवघड, कारण त्यासाठी आपल्याला आपल्याच सवयी मोडाव्या लागतात. राजातालाबच्या त्या कर्मचाऱ्याच्या वहीत आणखी एक रकाना आखण्यापासून सुरुवात करता येईल: 'नमुना कोठे पाठवला?'