गोठा केवढा असावा? आरेचे तबेले बघून आल्यावर



मागच्या आठवड्यात बहिणीकडं गोरेगावला गेलो होतो. भाच्याला घेऊन आरे कॉलनीत चक्कर मारली. आमचं पोरगं सध्या मागं लागलंय, "बाबा, कर्ज काढू, सहाच्या चाळीस म्हशी करू. गोठा मोठा तेवढा लिटरमागं खर्च कमी." म्हणून तिथले तबेले जरा नीट बघितले.

पोराचं म्हणणं अर्धं खरं आहे. कुट्टी मशीन सहा म्हशींना एक, चाळीसांनाही एकच. टेम्पोची खेप तीच, डॉक्टरची फेरी तीच. खर्च जास्त लिटरवर वाटला जातो. १९४९ साली मुंबईतले तबेले हलवून आरे वसवली. दारा खुरोडींनी मांडलेला डाव. सुमारे १६ हजार जनावरं, शेजारीच डेअरी. १९५१ ला नेहरूंनी डेअरीचं उद्घाटन केलं.

पण म्हैस म्हणजे मशीन नव्हे. एका जागी म्हशी वाढल्या की वैरण लांबून विकत आणावी लागते. माझ्याकडं शेण म्हणजे खत, तिथं त्याची विल्हेवाट म्हणजे खर्च. म्हैस भाकड झाली की घरच्या चाऱ्यावर निभते, विकतच्या चाऱ्यावर नाही. लाळ्या-खुरकूत शिरली तर अख्ख्या गोठ्यात. आणि चाळीस जनावरांवर मालकाची नजर पुरत नाही, तिथं गडी लागतात.

उलट अमूल बघा. १९४६ पासून खेडा जिल्ह्यात म्हशी दारोदारी दोन-चार, दूध मात्र एकत्र. गोठा लहान, डेअरी मोठी. मुंबईला दूध तिथूनही येऊ लागलं. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि कुरियन तिघांना मिळून मिळाला, पण माझ्या मते शेतकऱ्याला परवडणारी वाट आणंदची.

म्हणून माझं मत: घरच्या वैरणीवर निभतील तेवढ्याच म्हशी ठेवा. कुट्टी मशीन, टेम्पो, दूध थंड करायची टाकी चौघांनी मिळून घ्या. हिशेब कर्जाआधीच करा, तेव्हा सगळं बदलता येतं. एकदा शेड बांधली की म्हशी कमी केल्या तरी हप्ता कमी होत नाही.

पोरगं अजून रुसलेलंच आहे. ज्यांनी गोठा वाढवून बघितला, त्यांनी आधीचा आणि नंतरचा लिटरमागचा खर्च खाली लिहा. त्यालाच वाचायला देतो.