भाकरीही मोजूनच

बागलाण तालुक्यातल्या, मोसम नदीकाठच्या नामपुरात कुणाला साखर निघाली की घरात लगेच फर्मान सुटतं: भात बंद, बटाटा बंद, आता फक्त बाजरीची भाकरी. मग माणूस निर्धास्त होऊन तीन-तीन भाकरी खातो आणि साखर काही उतरत नाही. बाजरी चांगलीच, पण तिच्याही पिठात निम्म्याहून जास्त पिष्ट असतं. तंतू जास्त म्हणून साखर जरा सावकाश चढते, इतकंच.

ताट असं असावं: आधी वाटीभर मेथी, मटकीची उसळ, काकडी, मग एक भाकरी. भात सोडवत नसेल तर भाकरी कमी करून थोडा घ्यावा. एकादशीची साबुदाणा खिचडी मात्र खरी घातक. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, वर बटाटा, आणि हे सगळं उपवासाच्या नावाखाली! इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असताना जेवण एकाएकी तोडणंही धोक्याचंच, साखर खाली घसरून चक्कर येते. आहार बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

२०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. मोजून खाल्लेली बाजरी त्यांच्या ताटात हवीच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे, तरी रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच पडतो. बाजरी पिकवणाऱ्या बागलाणात तरी रेशनवर नियमित बाजरी मिळालीच पाहिजे.