फोटोबरोबर घराचा पत्ता देऊ नका

आपले अनेक कारागीर बंधू आणि घरी बसून जरदोजीचे व शिलाईचे काम करणाऱ्या भगिनी आज मालाचे फोटो मोबाईलवरून ग्राहकांना पाठवितात. धंद्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. परंतु डोळ्यांना दिसते तेवढेच फोटोत असते, हा समज चुकीचा आहे.

डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये चित्राशिवाय एक नोंदही असते. तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली ही पद्धत ठरविली. फोटो केव्हा व कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे तीत असते. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. ते नकाशात टाकले की घर सापडते.

डिसेंबर २०१२ मध्ये अँटिव्हायरस उद्योगातील प्रसिद्ध जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना चुकवून लपले होते. एका नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या फोटोतील याच नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. संगणकाच्या सुरक्षेवर नाव कमावलेल्या माणसाची ही गत, तर आपली काय कथा!

काही बंधू म्हणतात, ‘आमच्याकडे लपविण्यासारखे आहे काय?’ आम्हाला हे पटत नाही. मालातील दोष लपविणे ही फसवणूक आहे. घराचा पडदा राखणे हा हक्क आहे. परवानगीशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, ही सूरह नूरची शिकवण आहे. मग घरी काम करणाऱ्या भगिनीचा पत्ता अनोळखी माणसाच्या हाती का द्यावा? ग्राहकाच्या घरी फर्निचर बसवून त्याचा फोटो सर्वांना पाठविणाऱ्या कारागिराने तर अधिकच जपावे. ग्राहकाचे घर ही त्याच्याकडे अमानत आहे.

उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करावे. जुन्या फोटोंतील नोंद विंडोज संगणकावर ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’मध्ये जाऊन काढता येते. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठविलेल्या फोटोतून ती गळते. परंतु ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मूळ फाईल पाठविल्यास ती सोबत जाते.

दुकानाचा पत्ता पाटीवर मोठ्या अक्षरांत जरूर लिहावा. घराचा पत्ता मात्र कोणाला द्यायचा, हे आपणच ठरवावे, मोबाईलने नव्हे.