तलावाचे घड्याळ आणि नोकरदाराचा दिवस

प्रौढ माणसाचा व्यायाम सुटला की त्याचे खापर त्याच्या आळसावर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. पोहण्याच्या बाबतीत तरी हे निदान अपुरे आहे. हौसेने तलावाचे सभासदत्व घेणारे शिक्षक, कारकून आणि गृहिणी काही महिन्यांत तेथे दिसेनासे होतात, ते त्यांचा निश्चय लटका असतो म्हणून नव्हे. तलावाचे वेळापत्रक आणि त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक यांचा मेळच बसत नाही, हे त्याचे खरे कारण होय.

कोणत्याही गोष्टीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. ती मिळविण्यासाठी ज्याचा त्याग करावा लागतो तेही किमतीत धरावे लागते. महापालिकांच्या तलावांचे शुल्क खासगी क्लबांच्या मानाने माफक असते. पण वेळेचा हिशेब निराळा आहे. ४५ मिनिटांच्या एका बॅचसाठी जाण्यायेण्याची ४० मिनिटे आणि कपडे बदलणे, आधीची व नंतरची आंघोळ यांचा अर्धा तास धरला, तर जवळजवळ दोन तास खर्ची पडतात. आठवड्यातून तीन दिवस जायचे म्हटले तर सहा तास गेले. प्रत्यक्ष पाण्यात मात्र १३५ मिनिटेच मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सुचविलेला मध्यम श्रमाचा किमान व्यायाम आठवड्याला १५० मिनिटांचा आहे. चालण्याचा व्यायाम उंबरठ्यापासून सुरू होतो. पोहण्याचा व्यायाम तलावाच्या फाटकापाशी सुरू होतो, तोही फाटक उघडे असेल तर.

हे सहा तास सर्वांना सारखेच महाग नसतात. डोंबिवलीहून मुंबईस कामाला येणारा कर्मचारी सकाळी तलावाच्या ऐन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये उभा असतो आणि संध्याकाळी तो परते तो शेवटची बॅच संपत आलेली असते. स्त्रियांची अडचण याहून बिकट आहे. अनेक तलावांवर त्यांच्यासाठी राखून ठेवलेली बॅच सकाळी उशिरा किंवा दुपारी असते. त्या वेळी नोकरी करणारी स्त्री कचेरीत वा शाळेत असते. आणि सकाळच्या सर्वसाधारण बॅचला जावे, तर स्वयंपाक, डबे आणि मुलांची शाळा तिची वाट अडवितात. म्हणजे राखीव वेळ आहे, पण जिच्यासाठी राखली तिला ती वापरता येत नाही.

यात भर पडते ती शुल्काच्या पद्धतीची. शुल्क महिन्याचे किंवा तिमाहीचे आगाऊ भरावयाचे आणि बॅच ठरलेली. मार्चअखेरीचे हिशेब, परीक्षेचे काम, घरातले आजारपण अशा कारणांनी चुकलेले दिवस बुडीत खाती जातात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांच्या शिकाऊ वर्गांची गर्दी होते, तर टंचाईच्या वर्षी तलावालाच टाळे लागते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते, हे खरे. पण ते रोज बदलले जात नाही. तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरतात आणि भर घालावी लागते ती मुख्यतः बाष्पीभवनाने व गाळणीच्या सफाईत घटलेल्या पाण्याची.

प्रौढांचे पोहणे धोरणात कोठे बसते, हे टाळेबंदीनंतर दिसून आले. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये तलाव उघडण्यास परवानगी दिली ती खेळाडूंच्या प्रशिक्षणापुरती. इतरांना फेब्रुवारी २०२१ ची वाट पाहावी लागली. साथीच्या काळात ही सावधगिरी समर्थनीय होती. परंतु पोहणे म्हणजे एक तर स्पर्धा, नाही तर करमणूक, ही समजूत साथ ओसरल्यावरही कायम आहे. नियमित सराव करू पाहणारा सामान्य प्रौढ या दोन्ही रकान्यांत बसत नाही.

यावर आक्षेप घेतला जाईल तो खर्चाचा. जेथे वस्त्यांना पुरेसे पाणी मिळत नाही तेथे पोहणाऱ्यांच्या सोयीवर पैसा का घालवावा, हा प्रश्न रास्त आहे. मात्र येथे नव्या तलावांची मागणी नाही. बांधकामाचा खर्च होऊन गेला आहे आणि तलाव रिकामा असला तरी पाणी शुद्ध ठेवण्याचा खर्च चालूच राहतो. एक बॅच वाढविली तर वाढतो तो जीवरक्षकांचा पगार आणि दिव्यांची वीज. उलट आज दुपारी ओस पडणारा तलाव करदात्यांच्या पैशावरच चालतो आणि त्याच्या सवलतीचा लाभ मुख्यतः ज्यांच्यापाशी मोकळा वेळ आहे त्यांच्या पदरात पडतो.

उपाय साधे आहेत. रात्री ९ नंतर एक बॅच असावी. स्त्रियांची एक बॅच संध्याकाळी ७ नंतर ठेवावी. ठरावीक बॅचऐवजी वर्षभर केव्हाही वापरता येतील अशी कुपने द्यावीत आणि दुपारचा दर आणखी उतरवावा. मात्र जीवरक्षकांची पूर्ण पाळी नेमल्याशिवाय वेळ वाढविणे घातक ठरेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात अपघाताने बुडून ३५ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या देशात पोहता येणे आणि येत राहणे ही चैन म्हणता येणार नाही. सार्वजनिक तलावाचे यश त्यात किती पाणी मावते यावर ठरवू नये. दिवसभर राबणारी किती माणसे त्यात नियमाने उतरू शकतात यावर ते ठरवावे.