अंगावरचं, पंपाने काढलेलं आणि डब्यातलं: तिन्ही दुधं एकत्र चालतील का?

"डॉक्टर, दूध पुरत नाही हो." बाळंतपणानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पहिल्या तपासणीला आलेल्या आईचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. सोबत दोन आज्या आणि दोन मतं. एक आजी म्हणते, "बाळ उपाशी राहतंय, वरचं दूध सुरू करा." दुसरी म्हणते, "आमच्या वेळी कुठे होते डबे? अळिवाचे लाडू खा, पान्हा आपोआप फुटेल." बाळाचे बाबा तेवढ्यात मोबाइलवर ब्रेस्ट पंपाच्या किमती बघत असतात. आणि आई रडवेली.

माझं मत आधीच सांगतो. अंगावर पाजणं, पंपाने किंवा हाताने काढलेलं दूध देणं आणि गरज पडल्यास फॉर्म्युला देणं, या तिन्हींची सांगड घालणं हा पराभव नाही. मात्र ही सांगड कारणाशिवाय, मापाशिवाय आणि क्रमाशिवाय घातली, तर महिन्याभरात अंगावरचं दूध खरोखरच आटतं. आमच्या डोंबिवलीत मला दोन्ही टोकं दिसतात. कुणी तिसऱ्या दिवशीच डबा फोडतं, तर कुणी बाळाचं वजन उतरत असूनही "फक्त आईचंच दूध" या हट्टापायी दवाखान्यात यायला उशीर करतं. दुसरं टोक कमी दिसतं, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते. पुरेसं दूध न मिळालेलं बाळ जोरात रडतंच असं नाही, ते सुस्तावतं, झोपून राहतं, आणि घरचे म्हणतात "किती शांत बाळ आहे!" अशा बाळाच्या अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं सोडियम वाढू शकतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर अधिकच.

मग पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं? रडण्यावरून नाही. स्तन हलके वाटतात यावरूनही नाही, आणि पंपात किती मिली आलं यावरून तर मुळीच नाही. बाळ जेवढं ओढून घेतं तेवढं पंप काढू शकत नाही. शू आणि वजन या दोन गोष्टी बघा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू व्हायला हवी आणि शी काळपट न राहता पिवळी झालेली असावी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते सर्वांचंच उतरतं. पण ३ किलोचं बाळ ३०० ग्रॅमने, म्हणजे १० टक्क्यांनी उतरलं तर थांबू नका. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत परत यावं आणि त्यापुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढावं.

पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच चीक लागतो. खरा पान्हा दोन ते चार दिवसांनी येतो. सिझेरियन, जास्त रक्तस्राव किंवा पहिलंच बाळंतपण असेल तर आणखी उशीर होऊ शकतो. हे माहीत नसल्यामुळे दुसऱ्या रात्री घाबरून जी बाटली दिली जाते, ती बहुतेकदा अनावश्यक असते. दूध तयार होण्याचं गणित साधं आहे: जेवढं रिकामं होईल तेवढं पुन्हा भरेल. स्तनात दूध साचून राहिलं की शरीर उत्पादन कमी करतं. म्हणून प्रत्येक बाटलीच्या बदल्यात एकदा दूध काढलं नाही, तर शरीराला निरोप जातो की आता कमी लागतंय. "बाळंतिणीला रात्री झोपू द्या, आम्ही बाटली देतो" ही सासूबाईंची माया खरी असते, पण रात्रीच प्रोलॅक्टिन सर्वांत जास्त असतं. एखादी रात्र ठीक. रोजचं तसं झालं की आठ-दहा दिवसांत फरक दिसतो.

म्हणूनच सांगड घालायची तर क्रम ठरवा. आधी दोन्ही बाजूंना अंगावर पाजा. मग हाताने किंवा पंपाने काढलेलं दूध द्या. तरीही डॉक्टरांनी सांगितलेलं माप पूर्ण होत नसेल तर तेवढाच फॉर्म्युला. माप खरंच लहान असतं: पहिल्या दिवशी २ ते १० मिली, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० मिली. पहिल्याच आठवड्यात ९० मिलीची बाटली रिचवून गाढ झोपलेलं बाळ बघून घरात समाधान पसरतं, पण मग पुढचे चार तास ते अंगावर येत नाही. आईचं दूध आणि फॉर्म्युला एकाच वाटीत मिसळू नका. उरलेलं टाकून द्यावं लागतं, आणि टाकायचंच झालं तर डब्यातलं जाऊ दे. आईच्या दुधात पावडर कालवणं तर अजिबात नको.

पहिल्या तीन-चार दिवसांत पंपापेक्षा हात बरा. चीक घट्ट आणि थोडा असतो, तो पंपाच्या नळीलाच चिकटून बसतो. स्वच्छ धुतलेल्या हाताने उकळलेल्या वाटीत काढा आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बोंडलं ही आपल्याकडची फार सोयीची वस्तू. धुवायला सोपं, आणि बाटलीच्या सुळसुळीत धारेची बाळाला सवयही लागत नाही. काढलेलं दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास चालतं. आपल्या घरांत उन्हाळ्यात तेवढं थंड असतं कुठे? काढलं की लगेच फ्रिजमध्ये, दरवाजाच्या कप्प्यात नाही तर आत मागच्या बाजूला, आणि २४ तासांत संपवा. परदेशी तक्त्यांमध्ये चार दिवस लिहिलेले असतात, पण ज्या फ्रिजचा दरवाजा दिवसातून पन्नासदा उघडतो आणि मध्येच वीज जाते, त्याला मी ते लागू करत नाही. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवली की पुरे.

फॉर्म्युलाबाबत सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पातळ करण्याची. डबा महाग, महिनाअखेर जवळ, म्हणून एका चमच्याला दुप्पट पाणी. बाळाचं पोट भरतं, वाढ होत नाही. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं. आपल्या डब्यावरचं वाचा आणि त्याच डब्यातला चमचा वापरा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर घाला आणि मग दूध कोमट करून पाजा. एकदा कालवलेलं दोन तासांपलीकडे ठेवू नका. उष्टं तर लगेच ओता. गायीचं दूध वर्षाच्या आत नको, मग ते कितीही ओळखीच्या तबेल्यातलं असो. आणि आईला एचआयव्ही असेल तर मिश्र पद्धत मनाने सुरू करू नका, आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

आता त्या अपराधी भावनेबद्दल. फॉर्म्युला आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९२ साली झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नसतं, नमुने फुकट वाटता येत नाहीत, ते यामुळेच. मी या कायद्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण तो कंपन्यांना आवर घालण्यासाठी आहे, डबा विकत घेणाऱ्या आईला आरोपी करण्यासाठी नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये "अंगावर पाजत नाहीस?" असं विचारणाऱ्या काकूंना हा फरक कळायला हवा.

आशियातली पहिली मातृदुग्धपेढी आपल्या सायन रुग्णालयातच, १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ज्या विभागाने आईच्या दुधाचा आग्रह इतका मनावर घेतला, त्याच विभागाने हेही मान्य केलं की काही बाळांना स्वतःच्या आईचं दूध वेळेवर मिळतच नाही. त्यांनी त्या आयांना बोल लावला नाही, दुसऱ्या आयांचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून त्या बाळांना दिलं. हे दूध मुख्यतः कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी असतं, त्यामुळे घरी असलेल्या सुदृढ बाळासाठी ते मिळेल अशी अपेक्षा नको. पण विचार करण्याची ती पद्धत आपण घेऊ शकतो: बाळाला आज काय मिळू शकतं, आणि उद्या आईचं दूध कसं वाढवता येईल.

हे "उद्या" महत्त्वाचं. फॉर्म्युला सुरू केला म्हणजे तो कायमचा असं नाही. पान्हा स्थिरावला, वजन वाढू लागलं की दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक वेळचे ५-१० मिली कमी करत जायचं आणि आठवड्याला वजन बघायचं. बऱ्याच बाळांचं डब्याचं दूध असं पूर्ण सुटतं. काहींचं सुटत नाही. आईची थायरॉइडची तक्रार, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, जुळी बाळं, कारणं असतात. अशा वेळी दिवसातून तीनदा अंगावर पाजलं तरी त्या तीन वेळांचा फायदा बाळाला मिळतोच. सगळं किंवा काहीच नाही, असा हा हिशोब नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न, जो डोंबिवलीत टाळताच येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या तर १९६१ च्या मूळ कायद्यातच होत्या. कागदावर छान. पण तान्ह्या बाळाला सकाळच्या फास्ट लोकलच्या गर्दीतून फोर्टच्या पाळणाघरात कोण नेणार? बाळ डोंबिवलीत आजीपाशी, आई सव्वा तास दूर. तिच्यासाठी त्या सुट्टीचा एकच उपयोग उरतो, दूध काढणं. आणि त्यासाठी बहुतेक कार्यालयांत जागा म्हणजे टॉयलेट. एक कडी लावता येईल अशी खोली, एक खुर्ची, एक प्लग आणि फ्रिजमधला एक कप्पा, एवढंच तर लागतं. घरकाम करणाऱ्या किंवा पोळी-भाजी केंद्रात राबणाऱ्या बाईला ही रजाही नाही आणि खोलीही नाही. ती दीड महिन्यात कामावर परतते. तिच्या हातात पंप नसतो, म्हणून तिला हाताने दूध काढायला शिकवणं हे प्रसूतिगृहातून घरी सोडण्याआधीच व्हायला हवं. रजा संपणार असेल तर किमान दोन आठवडे आधी सराव सुरू करा. सकाळी निघताना अंगावर, कामावर दर तीन तासांनी काढणं, घरी आल्या आल्या पुन्हा अंगावर. मधल्या वेळी आजी वाटी-चमच्याने आधी साठवलेलं दूध देतील आणि कमी पडलं तरच डबा उघडतील. डब्याचं माप, उकळलेल्या पाण्याची वेळ आणि "उरलेलं ठेवायचं नाही" हे तीन मुद्दे कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, कारण पाजणार आजी असतात आणि सूचना ऐकलेल्या असतात फक्त आईने.