नक्षी नको, आकडा वाचा!

चाकण बाजारात कांदा-बटाटा नेणाऱ्या पिकअपला टायर घेताना जो तो म्हणतो, "स्वस्तातला द्या, नक्षी भरपूर हाय ना?" अरे, बियाण्याच्या पिशवीवरची तारीख उलटसुलट करून वाचता, मग टायरची का नाही? बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कोरी असली तरी रबर म्हातारं. दुसरा आकडा भाराचा. ९१ म्हणजे पुऱ्या हवेत एका टायरला ६१५ किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. कंपनीनं गाडीला सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमीचा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका. तळेगाव रस्त्याला मागं कंटेनर असताना टायर फुटला, तर वाचवलेलं हजार-दोन हजार कुठं पुरणार?